मग हे स्टेशन कोणाचं?

बाबा जूनमध्ये जर्मनीत आखेनला राहायला आले, तेव्हा त्यांना काय काय दाखवायचं हे मी आधीच ठरवून ठेवलं होतं. कलोनचं कॅथीड्रल, ऱ्हाइनवरची बोट, आखेनचा जुना चौक. सगळं त्यांनी नीट पाहिलं, माझ्या समाधानासाठी फोटो काढून घेतले आणि घरी येऊन चहा मागितला. त्यांना खरं धरून ठेवलं ते रोटगेननं. आखेनच्या दक्षिणेला, आयफेलच्या डोंगराळ भागाचा चढ सुरू होतो तिथलं हे गाव. बसमधून उतरून आम्ही घरांच्या मधल्या रस्त्यानं चालत निघालो आणि एका ठिकाणी रस्ता ओलांडून जुन्या स्टेशनच्या जागेवर आलो. रूळ नाहीत, सिग्नल नाही, गाडीचा तर प्रश्नच नाही. एक गुळगुळीत डांबरी सायकल-रस्ता, त्याच्या कडेला काळपट खडी, खडीतून वर आलेली बर्चची कोवळी झाडं आणि एक बाक. बाबा बाकावर टेकले. मी म्हटलं, "बाबा, तुम्ही आत्ता बेल्जियममध्ये बसलाय."

त्यांनी समोरच्या घराकडे बोट केलं. "आणि ते?"

"ते जर्मनी."

मग मान वळवून पाठीमागच्या कुंपणाकडे पाहिलं. "आणि हे?"

"तेही जर्मनीच. मधला हा पट्टा तेवढा बेल्जियमचा. रुळांची आणि स्टेशनची जागा."

बाबा जरा वेळ काही बोलले नाहीत. दोन सायकलवाले घंटी वाजवत गेले. मग त्यांनी विचारलं, "मग हे स्टेशन कोणाचं?"

"बेल्जियमचं."

"ते समजलं रे. पण स्टेशन कोणाचं?"

परतीच्या बसमध्ये मी त्यांना तह, आयोग, करार सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि रात्री जेवताना पुन्हा तोच प्रश्न काढला. त्यांना कागदावरचा मालक विचारायचा नव्हता हे मला कळत होतं. काय विचारायचं होतं ते मात्र बरेच महिने डोक्यात घोळत राहिलं, आणि त्यामुळे मी त्या स्टेशनवर परत परत जात राहिलो. कधी सायकलवर, कधी धुक्यात पायी.

या रेल्वेचं नाव फेनबान. होहेस फेन या दलदलीच्या पठाराच्या कडेकडेनं जाणारी म्हणून फेनबान. प्रशियाच्या सरकारी रेल्वेनं ती बांधली. १८८५ मध्ये आखेनच्या रोटे एर्डे भागातून मोन्शाऊपर्यंत गाडी धावायला लागली. तेव्हा त्या गावाचं नाव मॉन्ज्वा होतं. मोन्शाऊ ते झालं १९१८ मध्ये. १८८९ पर्यंत रूळ लक्झेंबर्गमधल्या त्रुआव्हिएर्जपर्यंत पोहोचले. कारण साधं होतं. आखेनच्या आसपास कोळसा होता, लक्झेंबर्ग आणि लोरेनमध्ये लोखंडाची खनिजं आणि भट्ट्या होत्या. कोळसा आणि कोक खाली जायचा, खनिज वर यायचं. मधली गावं वाटेत होती म्हणून त्यांना स्टेशनं मिळाली. रोटगेन, लामर्सडोर्फ, कोन्त्सेन, मोन्शाऊ, काल्टरहेरबेर्ग. त्यांच्यासाठी कोणी रेल्वे आणली नव्हती. पण एकदा आल्यावर त्यांनी ती आपलीशी करून घेतली, आणि या सगळ्या इतिहासात मला हाच भाग सर्वांत जवळचा वाटतो.

कारण हे पठार गरिबीचं होतं. आजच्या हिरव्यागार कुरणांकडे बघून ते पटत नाही. इथे पाऊस वर्षभर असतो, उन्हाळ्यातही सकाळी बोटं गारठतात. जमीन आम्लधर्मी, खाली पाणी धरून ठेवणारी. लोक ओट आणि राय पिकवायचे, दलदलीतली जळाऊ माती, म्हणजे पीट, कापून जाळायचे, मेंढ्या पाळायचे. रेल्वेच्या डब्यांतून चुना आला, खत आलं. पोलादाच्या भट्ट्यांतून निघणारी फॉस्फरसयुक्त मळी दळून तिची भुकटी शेतात टाकता येते, आणि ती बनायची नेमकी याच रेल्वेच्या दुसऱ्या टोकाला. धान्याची गावं हळूहळू गाईंची गावं झाली. मोन्शाऊच्या बाजूला घरांना वाऱ्यापासून वाचवणाऱ्या बीच झाडांच्या कुंपणभिंती आहेत, छपरापर्यंत पोहोचणाऱ्या, वर्षानुवर्षं कातरून दाट केलेल्या. त्यांच्या आडोशाला उभं राहिलं की वारा एकदम थांबतो आणि शेणाचा, ओल्या गवताचा वास येतो. मला तो वास आवडतो. त्यात मालगाडीतून आलेल्या त्या राखाडी भुकटीचाही वाटा आहे हे कळल्यापासून जास्तच आवडतो.

मग पहिलं महायुद्ध झालं. पश्चिम आघाडीकडे सैनिक आणि दारूगोळा नेण्यासाठी ही रेल्वे फार मोलाची ठरली. पुढे दक्षिणेला बॉर्न गावात रशियन युद्धकैद्यांच्या हातून दगडकाँक्रीटचा मोठा पूल बांधून घेतला गेला, तो अजून उभा आहे. जर्मनी हरली. व्हर्सायच्या तहानं ऑयपेन आणि माल्मेडी हे दोन जिल्हे बेल्जियमकडे गेले. त्या दोघांना जोडणारी रेल्वे मात्र मधल्या मोन्शाऊ जिल्ह्यातून जात होती, आणि मोन्शाऊ जर्मनीकडेच राहिलं. बेल्जियमचं म्हणणं असं की रेल्वेशिवाय आमच्या नव्या मुलखाचे दोन तुकडे एकमेकांना लागणार कसे? मग सीमा ठरवणाऱ्या आयोगानं गावं जर्मनीला ठेवली आणि रूळ, भराव, स्टेशनं बेल्जियमला दिली. १९२२ मध्ये ते कायम झालं.

असं जगात फार कमी ठिकाणी घडलं असेल. नकाशा जवळ घेऊन पाहिला तर बेल्जियमचा हा पट्टा शिवणीच्या दोऱ्यासारखा जर्मनीतून आत-बाहेर करत जातो. जिथे स्टेशन होतं तिथे तो फुगतो, कारण स्टेशनला जास्तीचे रूळ लागतात, माल उतरवायला जागा लागते. म्हणजे एका देशाची हद्द किती रुंद असावी हे सायडिंगला किती फाटे होते त्यावर ठरलं. आणि रुळांच्या पश्चिमेला जे जर्मन भाग राहिले ते चारही बाजूंनी बेल्जियमनं वेढले गेले. आज अशी ५ बेटं आहेत: मुन्स्टरबिल्डशेन, रोटगेनच्या पश्चिमेचा रानाचा भाग, र्‍युकश्लाग, म्युत्सेनिश आणि रुइत्सहोफ. म्युत्सेनिश अख्खं गाव आहे. र्‍युकश्लाग म्हणजे एक घर आणि त्याची बाग. फ्रिंग्सहाउसजवळच्या तिठ्यावर तर रस्त्यांच्या मधलं चिमुकलं बेट बेल्जियमचं आणि भोवतालचे रस्ते जर्मनीचे, अशी अवस्था १९२२ पासून १९४९ पर्यंत होती.

रोटगेनच्या पश्चिम बाजूच्या घरातून पूर्वेच्या पावाच्या दुकानात जायचं तर आजही देश सोडावा लागतो आणि पंधरा-वीस पावलांत परत यावं लागतं.

बाबांचा प्रश्न कुठून आला होता ते मला उशिरा लक्षात आलं. आमचं मूळ गाव कारंजा. वऱ्हाडात ज्यांचं लहानपण गेलं त्यांना शकुंतलेबद्दल वेगळं सांगायला नको. मूर्तिजापूरहून यवतमाळ आणि अचलपूरकडे जाणारी नॅरोगेज. बाबा तिच्यातून शाळेच्या सुट्टीत दारव्ह्याला मामाकडे जायचे. गाडीतलाच माणूस खाली उतरून फाटक लावायचा, गाडी पुढे काढायचा, परत येऊन फाटक उघडायचा, आणि लोक तेवढ्यात उतरून पाय मोकळे करायचे. वाफेचं इंजिन १९२१ मध्ये मँचेस्टरला बनलेलं. ते १९९४ पर्यंत ओढत राहिलं. मीही लहानपणी एकदा तिच्यात बसलोय. खिडकीशी बसलं की डोळ्यांत कोळशाचा कण जायचाच, आणि आजी पदराच्या टोकाला फुंकर घालून तो काढायची. विदर्भाचा कापूस मुंबईच्या बंदराकडे नेण्यासाठी टाकलेली ही लाइन, आणि तिची मालकी सेंट्रल प्रोव्हिन्सेस रेल्वे नावाच्या ब्रिटिश कंपनीची. देश स्वतंत्र झाला, सगळ्या रेल्वे सरकारच्या झाल्या, ही राहून गेली. भारतीय रेल्वे गाड्या चालवायची आणि मालकाला मोबदला द्यायची. माझे आजोबा, आबाजी, गाडीची शिट्टी ऐकली की म्हणायचे, "गाडी आपली नाही रे बाबू, इंग्रजाची हाये अजून." आणि तेच आबाजी, गाडी चुकली तर "आपली गाडी गेली" म्हणून कपाळाला हात लावायचे.

दोन्ही गोष्टी ते मनापासून म्हणायचे. बाबा त्याच घरात वाढले.

त्यामुळे रोटगेनला बाकावर बसल्यावर बाबांना जे दिसलं असेल ते मला पुस्तकातून दिसत नव्हतं. त्या मुक्कामात मी त्यांना म्युत्सेनिशच्या पलीकडे ब्राकफेनला नेलं होतं. तिथे दलदलीवर लाकडी फळ्यांची वाट आहे. फेनमध्ये मे-जूनला एक गवत फुलतं, दांड्याच्या टोकाला पांढऱ्या मऊ पुंजक्यांचं. दूरवर, क्षितिजापर्यंत पांढरं. बाबा वाटेत थांबले, वाकून एक पुंजका दोन बोटांत धरला, तोडला नाही, नुसता धागा लांब निघतो का ते अंगठ्यानं चाचपलं. आयुष्यभर कापसाच्या गाड्यांपुढे उभा राहिलेला माणूस. "याचं सूत नाही निघणार," म्हणाले, आणि मग बराच वेळ त्या पांढऱ्या माळाकडे बघत राहिले. मालाच्या वाटेवर वसलेल्या गावांचं काय होतं हे त्यांना मी सांगायची गरज नव्हती.

रोटगेनच्या त्या बाकावर पुढे एका शरद ऋतूत मला एक आजीबाई भेटल्या. सोबत म्हातारा कुत्रा, त्याला फार चालवत नव्हतं म्हणून दोघं बसलेले. मी स्टेशनबद्दल विचारलं तशा त्या आधी कॉफीबद्दल बोलल्या. दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मनीत कॉफीवर जबर कर होता, किलोमागे १० मार्क. बेल्जियममध्ये ती स्वस्त. आणि बेल्जियम तर परसदारी. आखेनपासून आयफेलपर्यंतची गावंच्या गावं रात्री जंगलातून कॉफी आणायला लागली. लहान पोरं पुढे, कारण पोरांना पकडलं तरी काय करणार. सीमाशुल्कवाल्यांनी गोळ्या झाडल्या, माणसं मेली. पाठलाग करणाऱ्या गाड्यांचे टायर फोडायला रस्त्यावर लोखंडी काटे टाकायचे, तर सरकारनं एका पोर्शं गाडीला चाकांपुढे झाडू बसवून आणले. श्मिट गावच्या लोकांनी युद्धात उद्ध्वस्त झालेलं चर्च पुन्हा बांधलं, त्यात कॉफीच्या पैशाचाही हात होता म्हणून त्याला आजवर लोक सांक्ट मोका म्हणतात. १९५३ मध्ये कर बराच खाली आला आणि धंदा ओसरला. आजीबाईंच्या आईनं त्यांच्या परकराला आतून खिसे शिवले होते. "कॉफी अंगाला लागून गरम व्हायची आणि वास यायचा," त्या म्हणाल्या. "मला वाटायचं, सगळ्या गावाला माझा वास येतोय." हे सांगताना त्यांनी नकळत हात पोटाशी धरला होता.

मग मी बाबांचा प्रश्न त्यांना विचारला. हे स्टेशन कोणाचं?

त्यांना प्रश्नाचं नवल वाटलं नाही. "माझे वडील इथून लढाईवर गेले," त्या म्हणाल्या, "तेव्हा ते जर्मन होतं." एवढंच. कुत्रा उठला, त्याही उठल्या.

त्यांच्या या वाक्यामागचा हिशोब मी नंतर जुळवला. मे १९४० मध्ये हिटलरनं बेल्जियमवर चढाई केली आणि आठवड्याभरात ऑयपेन-माल्मेडी पुन्हा जर्मनीला जोडून टाकलं. पट्टा नाहीसा झाला. चार वर्षं रोटगेनचं स्टेशन रोटगेनच्याच देशात होतं, आणि गावानं ती चार वर्षं माणसं पाठवण्यात घालवली. १२ सप्टेंबर १९४४ ला अमेरिकेचे रणगाडे गावात शिरले. पश्चिमेकडून आलेल्या फौजांच्या हाती पडलेलं पहिलं जर्मन गाव म्हणून रोटगेनचं नाव युद्धाच्या इतिहासात आहे. गावाबाहेर रणगाडे अडवायला ओतलेले काँक्रीटचे सुळके रांगेनं उभे आहेत, शेवाळानं हिरवे झालेले, आणि त्यांच्या मधल्या गवतात गाई चरतात. त्या वर्षीच्या नाताळात याच लाइनवरचं सांक्ट फीट हे मोठं जंक्शन बॉम्बफेकीत जवळजवळ पुसलं गेलं. दक्षिणेकडचे पूल पडले ते पडले, लक्झेंबर्गपर्यंतचा रस्ता पुन्हा कधी जोडला गेला नाही. युद्ध संपलं, पट्टा परत बेल्जियमचा झाला.

मी स्पष्टच सांगतो, मला यात १९२२ चा निर्णय सर्वांत कठोर वाटतो, आणि अन्याय्य म्हणायला मात्र जीभ रेटत नाही. बेल्जियमवर १९१४ च्या जर्मन आक्रमणात काय गुदरलं ते समोर ठेवलं की त्यांनी एक रेल्वे मागितली यात काही जगावेगळं नाही. पण रेल्वे ज्या कामासाठी घेतली ते काम काही वर्षांतच घटत गेलं. कोळसा आणि खनिजाची जुनी वाट देशांच्या नव्या हद्दींनी तोडली होती. दुसऱ्या युद्धानंतर तर उरल्या थोड्या मालगाड्या, आणि एल्सेनबॉर्नच्या लष्करी तळासाठी सूरब्रोटपर्यंत जाणारे रणगाडे. १९८९ च्या सुमारास तेही थांबलं. १९९० पासून शनिवार-रविवारी पर्यटकांसाठी एक गाडी चालायची, रेल्वेवेड्या माणसांनी चालवलेली. २००१ मध्ये तीही बंद पडली. मग रूळ उपटून नेले. त्या वेळी इकडे बरीच चर्चा झाली म्हणे, की रेल्वेसाठी दिलेली जमीन रेल्वे गेल्यावर परत जर्मनीची होणार का. झाली नाही. रूळ निघाले, सीमा जागेवर राहिली. २०१३ मध्ये आखेन ते त्रुआव्हिएर्ज असा सुमारे १२५ किलोमीटरचा सायकल-मार्ग सुरू झाला. रेल्वेसाठी काढलेली वाट असल्यामुळे चढ इतका बेतशीर, की दम न लागता पठारावर पोहोचता येतं. इंजिनाला जे झेपत नव्हतं ते माणसाच्या गुडघ्यांनाही झेपत नाही, आणि दीडशे वर्षांपूर्वीच्या इंजिनिअरांनी केलेली ती काळजी आज साठीतल्या सायकलवाल्यांच्या कामी येते.

हा मार्ग मला मनापासून आवडतो. तरी रोटगेनशी आलो की प्रत्येक वेळी काहीतरी रुतल्यासारखं होतं. सायकलवाले इथे थांबत नाहीत. थांबायला काही नाहीच. स्टेशन ही थांबण्याची जागा. सकाळी कामावर निघालेला माणूस, बाजाराला निघालेली बाई, पाहुण्यांना घ्यायला आलेली पोरं, कोणीतरी कोणाचीतरी वाट बघत उभं राहण्याची जागा. ज्या गावाचं नाव त्या पाटीवर होतं, त्या गावाला त्या जागेबद्दल बोलायचा हक्क १९२२ नंतर कागदोपत्री नव्हता. तरी फलाटावर उभी असायची ती त्याच गावची माणसं. माझ्या लेखी स्टेशन त्यांचं. ब्रसेल्सचं नाही, बर्लिनचंही नाही. शकुंतलाही त्याच न्यायानं आबाजींची होती, कंपनीच्या वह्यांत काहीही लिहिलेलं असो. मी बाबांना फोनवर हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "मग मूर्तिजापूरच्या लाइनचं काय करणार आता? बाभळी उगवल्यात रुळांत." त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. ब्रॉडगेजची मागणी किती वर्षं ऐकतोय. निदान कोणीतरी ती वाट मोकळी ठेवावी असं वाटतं, रूळ राहोत की न राहोत.

फेनबानचा एक तुकडा मात्र अजून रुळांवर आहे. काल्टरहेरबेर्गपासून सूरब्रोटच्या दिशेनं. तिथे रुळांवरून पायडल मारत नेण्याच्या चौचाकी गाड्या भाड्यानं मिळायच्या. मी गेलो तेव्हा आमच्या गाडीवर दोन अनोळखी बेल्जियन मुलं आणि त्यांची आई होती. आई आणि मी पायडल मारत होतो, मुलं मधल्या बाकड्यावर. रुळांच्या सांध्यावर चाक आलं की खडखडाट व्हायचा, हातातल्या लोखंडी दांड्याला कंप सुटायचा, दोन्ही बाजूंनी फर्नची पानं गुडघ्यांना लागायची. वाटेत एका ठिकाणी गाडी थांबवून आम्ही पाणी प्यायलो. धाकट्यानं आईला फ्रेंचमध्ये काहीतरी विचारलं, तिनं हसून माझ्याकडे पाहिलं आणि इंग्रजीत सांगितलं, की पुढचं स्टेशन कधी येणार असं तो विचारतोय. मी म्हटलं, अजून तीनेक किलोमीटर. मग तो उठला, थोरल्याला बाजूला सरकवलं आणि पायडलपर्यंत पाय पुरतो का ते पाहू लागला.